एका यकृतावर दोन विषाणू



कावीळ हा शब्द आपल्या खानदेशात लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, लघवी हळदीसारखी होऊ लागली, की घरातले वडीलधारे निदान करून मोकळे होतात. मग कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुववून कावीळ 'उतरवतो'. काही आठवड्यांनी रोगी आपोआप सुधारला की श्रेय माळेला मिळते. वस्तुतः कावीळ हा रोगच नव्हे. ती यकृताने केलेली तक्रार आहे. तशी तक्रार करावयास लावणारे मुख्य विषाणू पाच आहेत. वैद्यकशास्त्राने त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे दिली आहेत.

या पाचांच्या वाटा दोन. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात आणि निरोगी माणसाला बहुधा काही आठवडे त्रास देऊन निघून जातात. बी, सी आणि डी हे रक्तावाटे येतात: न उकळलेली सुई, दूषित वस्तरा, बाधित रक्त यांतून. बी हा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे आणि शरीरसंबंधातूनही जातो. हे पाहुणे मुक्काम ठोकणारे. दहा-वीस वर्षे रोग्याला काही जाणवत नाही आणि आत यकृत कठीण होत जाते.

आता आमच्या विषयाचे मर्म असे, की एक विषाणू घरात असताना दुसरा आला तर काय होते? माळ घालणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या लेखी कावीळ एकच.

प्रथम डी घेऊ. तूरिन येथील मारिओ रिझेत्तो यांनी १९७७ साली तो उजेडात आणला. हा विषाणू अपुरा आहे. बाहेरचे कवच त्याला स्वतःला घडवता येत नाही, ते तो बीकडून उसने घेतो. आंब्यावरच्या बांडगुळाला जसे झाड लागते, तसा डीला बी लागतो. दोघे एकदम शिरले तर आजार जोराचा होतो, परंतु प्रौढ माणूस पुष्कळदा त्यातून सुटतो. बी आधीपासून ठाण मांडून असताना डी मागाहून आला, तर मात्र तोही बहुधा कायमचा राहतो आणि यकृताची नासाडी झपाट्याने होते. यातूनच सुखाची एक गोष्ट निघते. बीची लस घेतलेल्यास डीचेही भय उरत नाही. झाडच नाही, तेथे बांडगूळ कोठून?

बी आणि सी यांची गोष्ट निराळी. एकत्र नांदताना सी हा पुष्कळदा बीला दडपून ठेवतो. सीवर आता उत्तम गोळ्या निघाल्या आहेत. साधारण १२ आठवड्यांत बहुतेक रोगी विषाणूमुक्त होतात. पण दडपणारा गेला की दडपलेला उसळतो. म्हणून सीचे औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी करावी, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली दिला.

तिसरी जोडी आपल्या दाराशी उभी आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला होता आणि नाल्याची घाण शहराच्या पाणीउपशापर्यंत आली होती. पाण्यात क्लोरीन घातल्याने पटकी व विषमज्वर आवरले, विषाणू आवरला नाही. जपून ठेवलेल्या रक्ताच्या तपासणीवरून पुढे ठरले, की तो ए नव्हता. तो ई होता. जळगाव-धुळ्यात नळाचे पाणी दिवसांआड येणे नवे नाही. नळ रिकामा असताना फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. धडधाकट माणूस त्या ईतून उठतो. बी, सी किंवा दारू यांनी आधीच जर्जर झालेले यकृत मात्र काही दिवसांत कोलमडू शकते. गर्भवती स्त्रीलाही ई घातक ठरतो.

मग करावे काय? बी किंवा सीचा रोगी असेल त्याने पाणी खळखळून उकळून प्यावे, दारू वर्ज्य करावी, एची लस घ्यावयाची का हे डॉक्टरांना विचारावे आणि नव्याने कावीळ दिसताच माळेच्या वाटेला न जाता रुग्णालय गाठावे. घरातल्या इतरांनी बीची तपासणी करून घ्यावी व बाधा नसल्यास लस टोचून घ्यावी. सरकारी लसीकरणात ही लस २०११ पासून देशभर आली, त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना ती मिळालेली नाही. नवजात बालकास २४ तासांच्या आत ती टोचावी. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी व सीची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तेथे चौकशी करावी.

आणि एक विनंती. यकृताच्या जुन्या रोग्याने आपल्या तपासणीचा कागद जपून ठेवावा व प्रत्येक नव्या डॉक्टरास दाखवावा. घरात पहिला पाहुणा कोण आहे हे ठाऊक असेल, तरच दुसऱ्याला दारात ओळखता येते.