पाऊलठशाचे पदक

महाराष्ट्राच्या घरगुती श्रद्धाजीवनात पावलाच्या खुणेला मूर्तीच्या बरोबरीचे मोल आहे. ज्येष्ठा गौरी घरात येतात त्या रांगोळीने किंवा कुंकवाने उमटवलेल्या पावलांवरून. आषाढी वारीसाठी आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात तेव्हा त्यांत संतांच्या पादुका असतात. आणि अनेक देवघरांत पुजल्या जाणाऱ्या टाकांवर, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या देवप्रतिमांवर, घोड्यावर स्वार झालेल्या खंडोबासोबत त्याचे कुत्रेही कोरलेले दिसते. त्यामुळे पाळलेल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पंजाचा ठसा घेऊन त्याचे गळ्यात घालण्याजोगे पदक घरच्या घरी घडवण्याची जी आवड अलीकडे शहरांत रुजते आहे, ती बाहेरून आलेली वाटली तरी तिला लागणारी भावना आणि कारागिरी या दोन्ही गोष्टी इथल्याच आहेत. पुण्यासारख्या शहरात तर तिला लागणारे जवळजवळ सगळे साहित्य कसबा, रविवार आणि बुधवार या तीन पेठांमध्ये पायी फिरून मिळू शकते.

लाडक्या जनावराची आठवण जपण्याची रीतही या भूमीत जुनी आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेल्या माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते, आणि त्याने शिकारीच्या वेळी महाराजांचे प्राण वाचवल्याची कथा त्या भागात आजही सांगितली जाते. दुसरी एक रीत मात्र कायद्याने योग्य कारणासाठी बंद केली: लहान मुलांच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख घालण्याची प्रथा अनेक घराण्यांत होती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर अशा नखांचा व्यापार हा गुन्हा ठरला. या दोन उदाहरणांतला फरक प्रस्तुत विषयात ध्यानी ठेवण्याजोगा आहे. वाघनखासाठी प्राण्याचा जीव जावा लागत असे, तर पाऊलठशासाठी त्याच्या अंगाचा केसही लागत नाही, आणि म्हणूनच ठसा घेताना जनावराला भीती, वेदना किंवा विषबाधा होणार असेल तर त्या दागिन्याचा सगळा अर्थच संपतो.

ठसा नीट घ्यायचा तर पंजाची रचना माहीत असावी लागते. कुत्र्याच्या पुढच्या पंजावर बोटांखालच्या चार गाद्या आणि त्यांच्या मागे एक मोठी त्रिकोणी गादी असते. त्यांशिवाय आतल्या बाजूचा अंगठा आणि मनगटाजवळची छोटी गादी या दोन गोष्टी जमिनीपासून वर राहत असल्यामुळे ठशात सहसा येत नाहीत. या गाद्या चरबीच्या थरावर जाड, खरखरीत कातडीचे आवरण चढून बनलेल्या असतात, आणि कुत्र्याच्या अंगावर घाम येण्याच्या ज्या मोजक्या जागा आहेत त्यांपैकी या एक होत. पुढचा पंजा मागच्यापेक्षा रुंद आणि गोलसर असल्याने दागिन्यासाठी तोच निवडावा. मांजर चालताना नख्या आत ओढून घेते, त्यामुळे तिच्या ठशात नखांच्या खुणा नसतात, आणि मोठ्या गादीच्या मागच्या कडेला तीन ठळक पाळ्या दिसतात. कुत्र्याच्या ठशात मात्र नखांचे चार ठिपके बहुधा उमटतात. कारागिराने हे ठिपके अनवधानाने पुसून टाकले तर कुत्र्याचा ठसा मांजराच्या ठशासारखा दिसू लागतो, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या पुष्कळ पदकांत नेमका हाच दोष असतो.

प्रत्येक ठसा त्या त्या प्राण्याचाच असतो, पण त्यावरून प्राणी ओळखणे वाटते तितके सोपे नाही. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात वाघांच्या पाऊलठशांवरून त्यांची मोजणी करण्याची पद्धत बसवली, ज्यात मातीतल्या ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा गिरवली जाई आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे साचे घेतले जात. ही पद्धत देशभर अनेक दशके चालली, तथापि मातीचा ओलावा, चालण्याचा वेग आणि गिरवणाऱ्याचा हात यांमुळे एकाच वाघाचे ठसे वेगवेगळे दिसतात असे आढळल्याने पुढे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तिची जागा घेतली. घरातल्या ठशालाही हाच नियम लागू पडतो, म्हणून एकाच बैठकीत एकच ठसा घेऊन थांबू नये. चार-पाच घ्यावेत आणि ज्यात सगळ्या गाद्या सारख्या दाबाने उमटल्या आहेत तो निवडावा.

ठसा घेण्याच्या दोन रीती घरी सहज जमतात. पहिली शाईची: लहान मुलांसाठी बनवलेली, पाण्यात धुतली जाणारी, बिनविषारी शाई स्पंजने पंजावर पातळ लावायची आणि मग पंजा कागदावर दाबण्याऐवजी पुठ्ठ्यावर ताणलेला कागदच उचलून पंजाला टेकवायचा, म्हणजे जनावराला तोल सांभाळण्याची धडपड करावी लागत नाही आणि कडा फिसकटत नाहीत. कचेरीत वापरली जाणारी शिक्क्याची शाई, तैलरंग किंवा भिंतीचा रंग वापरू नये, कारण सुटका होताच प्राणी पहिल्यांदा पंजाच चाटतो. ल्हासा ॲप्सो, शित्झू किंवा पॉमेरेनियन यांसारख्या केसाळ जातींत गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने आधी कापून घेतले नाहीत तर ठशाऐवजी नुसता डाग उमटतो. दुसरी रीत शाडूची. गणेशोत्सवाच्या आधी पुण्यात जागोजागी मिळणारी ही मऊ, बारीक पोताची माती लोण्याइतकी मऊ मळून तिची बोटभर जाडीची वडी केली आणि तिच्यावर पंजा क्षणभर अलगद दाबला की गाद्यांचा खरखरीतपणासुद्धा उमटतो, आणि पंजा नंतर साध्या पाण्याने धुऊन निघतो. या खोलगट ठशाचे छायाचित्र बरोबर वरून घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि प्रकाश एका बाजूने तिरका पडू द्यावा, म्हणजे सावलीमुळे खोली दिसते.

येथे दोन धोक्यांची सूचना आवश्यक आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना तापते, आणि हे तापमान जाड थरात भाजण्याइतके वाढते. २००७ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायरमधील एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला हात अशा लगद्यात बुडवला आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. म्हणून प्लॅस्टर मातीतल्या ठशात ओतावे, जिवंत पंजा त्यात कधीही ठेवू नये. मैदा आणि मीठ यांच्या कणकेचा ठसा घेण्याची कृती अनेक ठिकाणी सुचवली जाते, पण त्या कणकेत मिठाचे प्रमाण इतके असते की कुत्र्याने तिचा गोळा खाल्ला तर रक्तातले सोडियम वाढून उलट्या, झटके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. शाडू हाताशी असताना ही कणीक करण्याचे काहीच कारण नाही.

मध्यम आकाराच्या कुत्र्याचा पंजा सहा सेंटिमीटर रुंद धरला आणि पदक दीड सेंटिमीटरचे हवे असेल, तर ठसा चौपटीने लहान करावा लागतो. माती वाळताना आकसते, त्या आकसण्याचा उपयोग करून साच्यावरून साचा काढत जाण्याची युक्ती आहे, परंतु प्रत्येक वेळी दहा टक्के आकसले असे मानले तरी चौपट लहान होण्यासाठी तेरा-चौदा वेळा साचा काढावा लागेल आणि तोवर सगळे बारकावे झिजून जातील. त्यापेक्षा शाईचा ठसा संगणकावर उतरवून हव्या मापाचा छापणे सोपे आणि अचूक ठरते.

यानंतरचे काम तांब्यावर करावे, आणि त्याला कारण पुणेच आहे. शनिवारवाड्यापासून जवळ असलेल्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांचे वंशज तांब्या-पितळेची भांडी घडवतात, आणि लाकडी किंवा लोखंडी हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर चमकदार खळगे उमटवण्याची, मठारकाम या नावाने ओळखली जाणारी कला तिथे अजून जिवंत आहे. एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची तांब्याची चकती अशा ठिकाणी सांगून कापून घेता येते, आणि तिच्या कडेला मठार मारून घेतले तर पदकाला जी शोभा येते ती यंत्रावर छापलेल्या चकतीला येत नाही.

ठसा तांब्यात कोरण्याची घरगुती पद्धत आम्लकोरणीची असून तिच्यासाठी लागणारे फेरिक क्लोराइड, म्हणजे लोह आणि क्लोरीन यांचा गडद तपकिरी क्षार, बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्किटच्या पट्ट्या कोरण्यासाठी विकले जाते. चकती प्रथम चिंच आणि मीठ लावून घासावी आणि तिला बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नये. ठशाची प्रतिमा लेझर छपाई यंत्रावर गुळगुळीत कागदावर छापावी. हे यंत्र शाईऐवजी टोनर नावाची प्लॅस्टिकची भुकटी वापरते, आणि कागद पालथा ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबली की ती भुकटी वितळून तांब्याला चिकटते. प्रतिमा या क्रियेत उलटते, म्हणून ती आरशातल्यासारखी उलटीच छापून घ्यावी, नाही तर डावा पंजा उजवा होतो. मग कागद पाण्यात भिजवून बोटाने चोळून काढावा, मागची बाजू आणि कडा चिकटपट्टीने झाकाव्यात आणि चकती प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात द्रावणात पालथी टांगावी, कारण विरघळलेला गाळ खाली पडला नाही तर कोरणी असमान होते. स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे हे द्रावण खाऊन टाकते. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी या गोष्टी टाळता येण्याजोग्या नाहीत, आणि हे काम चालू असताना प्राणी व मुले त्या खोलीत असता कामा नयेत.

द्रावणाचा कस आणि उष्णता यांनुसार अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. टोनर ज्या भागावर आहे तो शिल्लक राहतो आणि उघडा भाग विरघळतो, त्यामुळे पंजा उठावदार करायचा की खोलगट, हे छापतानाच ठरवावे लागते. खोलगट ठसा अधिक खरा वाटतो, कारण पाऊल जमिनीत रुततेच, आणि त्याची झीजही कमी होते. चकती धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेला क्षार निकामी करावा; मग उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक आणि चकती एका बंद डब्यात, एकमेकांना न लागता, काही तास ठेवली तर बलकातून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूने तांबे काळवंडते, आणि वरवर घासल्यावर फक्त खोलगट ठसा काळा उरतो. तांबे घामाने हिरवे पडते व कातडीवर डाग सोडते, यासाठी मागच्या बाजूला पारदर्शक लाखेचा हात द्यावा.

वापरून झालेले द्रावण मोरीत ओतणे हा या छंदातला सर्वांत मोठा अपराध होय, कारण त्यात विरघळलेले तांबे माशांना आणि जलचरांना विषारी असते आणि मोरीचे पाणी शेवटी मुठा नदीकडेच जाते. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा, फेस येणे थांबेपर्यंत घालावा, खाली बसलेला गाळ वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावा, तिच्यावर स्पष्ट चिठ्ठी लावावी आणि घरगुती घातक कचरा म्हणून तो वेगळा द्यावा. कचरावेचक ताईंच्या हाती तो उघडा लागता कामा नये.

ज्यांना रसायने हाताळायची नाहीत त्यांच्यासाठी आकसणारे प्लॅस्टिकचे कागद आहेत, ज्यांवर ठसा छापून ओव्हनमध्ये तापवला की तो निम्म्याहून लहान आणि कित्येक पट जाड होतो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास विकसित झालेली चांदीची माती, म्हणजे चांदीची बारीक पूड आणि जळून जाणारा चिकट पदार्थ यांचे मिश्रण, भाजल्यावर जवळजवळ शुद्ध चांदी उरते. ती महाग आहे, पण लहान मांजरीच्या पंजासाठी तिच्याइतके नाजूक दुसरे काही नाही. रेझिनमध्ये केसांची बट गोठवण्याचा प्रकारही चालतो, मात्र स्वस्त रेझिन उन्हाने पिवळे पडते. ज्यांना सोन्या-चांदीचेच हवे त्यांनी छापलेला ठसा सराफाकडे नेऊन ओतकामाने करून घ्यावा.

प्राणी गेल्यानंतरही ठसा घेता येतो, पण काही तासांत शरीर ताठरू लागते आणि त्या अवस्थेत पंजा उलगडत नाही, शिवाय घरातल्या कोणाचेही मन त्या वेळी अशा कामात नसते. दागिना घडवायला पुढे कितीही वर्षे मिळतील. ठसा मात्र जनावर धडधाकट असताना, फिरून आल्यावर दमून शांत बसलेले असताना घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्यांच्या घरी आज कुत्रे किंवा मांजर नांदते आहे त्यांनी त्याच्या पंजाचे चार शाईचे ठसे या आठवड्यातच घेऊन, तारीख आणि नाव लिहून, कोरड्या जागी ठेवावेत.