पोटाखालचा रस्ता

बोईसरहून मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा, तर नेहमीची वाट चिल्हार फाट्याची. तारापूर एमआयडीसीतून सुटलेले टँकर, कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या दिवसभर या रस्त्यावर असतात. या रांगेत एखादी बसकी, रुंद टायरांची स्पोर्ट्स कार आली, की रस्त्याकडेची पोरं टकामका बघत राहतात. गतिरोधक दिसला की ती गाडी जवळजवळ थांबते, अंग तिरकं करते आणि एकेक चाक वर चढवते. मागचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत असतो. आत बसलेल्याचा जीव मात्र कानांत गोळा झालेला असतो. खालून ‘खर्रर्र’ आलं तर?

अशा गाडीतून गोव्याला जायचं म्हटलं तर बोईसरपासून साधारण सातशे किलोमीटरचा पल्ला पडतो. एवढ्या प्रवासाची तयारी म्हणजे इंजिन ट्यून करणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर शेकडो अश्वशक्तीच्या इंजिनाला सातशे किलोमीटर जड नसतात. त्रास होतो तो पोट आणि रस्ता यांच्यातल्या चार-पाच इंचांचा. तयारीला सुरुवात तिथूनच करायला हवी.

घरोघरी दिसणाऱ्या मारुती ऑल्टोच्या पोटाखाली १६० मिलिमीटर मोकळी जागा असते. २०१६ साली भारतात आलेल्या फोर्ड मस्टँगला १३७ मिलिमीटर होती, आणि स्पोर्ट्स कारच्या जातीत ही बरीच उंच म्हणायची. कित्येक गाड्या याहूनही खाली बसतात. आता गतिरोधकाकडे बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा कापून ठेवल्यासारखा गोलसर असावा. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.७ मीटर अंतर आहे. ती अशा उंचवट्याच्या मधोमध आली की चारही चाकं उतारावर असतात आणि पोटाखाली प्रत्यक्षात साडेपाच सेंटीमीटरचाच फुगवटा येतो. आठ सेंटीमीटर शिल्लक राहतात. म्हणजे नियमाने बांधलेल्या गतिरोधकावरून ती आरामात जाते.

अडचण असते नियम न पाहता घातलेल्या गतिरोधकांची. एखाद्या वळणावर अपघात होतो, गावकरी संतापतात आणि रातोरात डांबराचा ढिगारा पडतो. हातभर रुंद, वीतभर उंच. त्यांच्या संतापामागे कारण असतं, पोरं त्याच रस्त्याने शाळेत जातात. पण त्या अरुंद ढिगाऱ्याची उंची चाकांमध्ये वाटली जात नाही. ती सगळीच्या सगळी पोटाखाली येते. त्यात डिकीत दोन माणसांचं आठवड्याचं सामान भरलं की स्प्रिंगा दबतात आणि मूळच्या १३७ मधलेही काही मिलिमीटर जातात.

गॅरेजमध्ये याला ‘चेंबर लागला’ म्हणतात. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी परात. ती दगडाला लागून चिरली की तेल ठिबकू लागतं. चालकाचं लक्ष गेलं नाही तर पुढच्या काही किलोमीटरांत तेलाचा दाब जातो, बेअरिंगं कोरडी घासतात आणि इंजिन जाम होतं. म्हणून निघण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून पोट डोळ्यांनी पाहून घ्यावं. खालचं प्लास्टिकचं आवरण सैल झालंय का, त्याच्या क्लिपा जागेवर आहेत का, चेंबरवर ओल आहे का. काही महागड्या गाड्यांत नाक उचलायची सोय असते. बटण दाबलं की पुढचा भाग चार-एक सेंटीमीटर वर येतो. ती यंत्रणा आधी घराजवळच दोन-चारदा चालवून बघावी. भर रस्त्यात ती वर येईना, असं पहिल्यांदा कळू नये.

जगातल्या मोठमोठ्या संघांनीही हाच धडा गिरवला आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडन ते सिडनी मॅरेथॉन ही मोटारींची शर्यत निघाली. ९८ गाड्या लंडनहून सुटल्या, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करून दिल्लीमार्गे मुंबईला ७२ पोहोचल्या आणि इथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांत पोर्शे ९११ होत्या. त्यांची तयारी बघण्यासारखी होती. इंजिनापेक्षा जास्त मेहनत दिसत होती अंगावर. पुढे जनावरं आडवी आली तर गाडी वाचवायला लोखंडी नळ्यांचा पिंजरा, पाण्यातून जाताना बुडू नयेत म्हणून वर घेतलेल्या धुराच्या नळ्या. पोलंडचे सोबिएस्वाव झसादा आपली ९११ घेऊन चौथे आले. जीन डेंटन यांनी तर एमजीबी ही चिमुकली दोन आसनी गाडी पार सिडनीपर्यंत नेली. याच डेंटनबाई पुढे ब्रिटनमध्ये मंत्री झाल्या.

चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, फेरारीने ‘मॅजिक इंडिया डिस्कव्हरी’ या नावाने दोन ६१२ स्काल्येट्टी गाड्या भारतभर फिरवल्या. पोटात बारा सिलिंडरचं, ५४० अश्वशक्तीचं इंजिन. ज्यांनी ती गाडी बनवली त्यांनाही भारतातला रस्ता पुढ्यात ठेवून विचार करावा लागला. महाराष्ट्राच्या दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘डीसी अवंती’ मांडली, तेव्हा तिच्या उंचीचीही चर्चा झाली. दिसायला परदेशी सुपरकार, पण पोट इथल्या रस्त्यांसाठी वर घेतलेलं.

पोटानंतर पाय. स्पोर्ट्स कारच्या टायरवर समजा ‘२५५/४० आर१९’ असं कोरलेलं आहे. पहिला आकडा रुंदीचा, २५५ मिलिमीटर. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे १०२ मिलिमीटर. जुन्या ऑल्टोचा टायर १४५/८० मापाचा. त्याची भिंत भरते ११६ मिलिमीटर. म्हणजे लहानशा ऑल्टोच्या चाकाला खड्ड्यात आपटताना जास्त गादी मिळते, आणि दुपटीहून जड मस्टँगला कमी. खड्ड्याची कड टायर दाबून थेट अलॉयच्या रिमवर बसते. रिम वाकतो किंवा टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा येतो. असा फुगा दिसला तर त्या टायरवर पुढे जायचंच नाही. आतले दोरे तुटलेले असतात आणि वेगात तो कधीही फुटू शकतो.

टायरच्या त्याच भिंतीवर, बोटाने धूळ पुसली की, ‘डॉट’ या अक्षरांमागे लंबगोलात चार आकडे सापडतात. ‘३२१८’ असेल तर टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. स्पोर्ट्स कार रोज चालत नाही, म्हणून नक्षी खोल दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. पण रबर न वापरताही म्हातारं होतं, कडक पडतं, रस्ता धरत नाही. हॉलिवूडचे अभिनेते पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात गेले. तपास अधिकाऱ्यांनी बेफाम वेग हे कारण सांगितलं आणि टायर नऊ वर्षांचे होते याचीही नोंद केली. नक्षीची खोली मोजायला गेज मिळतो. १.६ मिलिमीटर ही शेवटची हद्द, पण कोकणातल्या पावसात एवढ्यावर विसंबू नये. रुंद टायर पाणी बाजूला सारायला वेळ घेतो आणि साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

हवा सकाळी, गाडी हललेली नसताना भरावी. दोन तास धावल्यावर टायर तापतो, दाब आपोआप वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडणारे पुष्कळ भेटतात आणि नेमकी तीच चूक होते. कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि लांबच लांब, सरळ काँक्रीट रस्त्यावर दगा देतो.

आणि स्टेपनी? हा शब्द आपण इतका आपला केला आहे, की तो वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला हे कुणाच्या मनातही येत नाही. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर चाकावर अडकवायचा जोडरिम बनवला आणि रस्त्याचं नाव त्याला लागलं. आजच्या कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये मात्र स्टेपनीच नसते. वजन आणि जागा वाचवायला ती काढलेली असते, बदल्यात एक चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप मिळतो. टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीविना गाडी चालते, असा बदल २०२० मध्ये आपल्या मोटार नियमांतही झाला. ही बाटली खिळ्याचं भोक बुजवते. फाटलेली भिंत तिला सांधता येत नाही. शिवाय १९ इंची, खास मापाचा टायर वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही. म्हणून बाटलीची मुदत तपासावी आणि वाटेतल्या कोणत्या शहरात आपल्या मापाचा टायर मिळतो याची फोनवर चौकशी करून ठेवावी.

पालघरच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट असते, खारी हवा. महिनाभर उभ्या गाडीच्या ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचा तांबूस थर चढतो. तो वरवरचा असेल तर पहिल्या पाच-दहा ब्रेकांत निघून जातो. न दिसणारं दुखणं ब्रेकच्या तेलात असतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ जातीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या तेलाला ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले, तेलात बुडबुडे झाले, की पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षांत तेल बदललं नसेल तर निघण्याआधी बदलावंच. भातकापणीनंतर उंदीर बॉनेटमध्ये घर करतात, वायरी कुरतडतात. तिथे टॉर्च मारून बघायला पाच मिनिटं लागतात.

पेट्रोलबाबत गाडीच्या झाकणामागे लिहिलेला आकडा वाचावा. उंच दाबाच्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं. नाही मिळालं तर इंजिनातला संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी होते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं ‘एक्सपी १००’ आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. बोईसरहून निघणाऱ्याने मुंबईत टाकी भरून घेणं सोयीचं.

तासन्तास वेगात धावण्यापेक्षा रखडणं या गाड्यांना जड जातं. २०२४ मध्ये महामार्गावर दहिसर ते अच्छाड असा १२१ किलोमीटरचा काँक्रीटचा थर घालायचं काम सुरू झालं, तेव्हा पालघरकरांनी भयंकर कोंड्या सोसल्या. अशा कोंडीत रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. दुहेरी क्लचच्या गाडीत इंच-इंच सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढे चांगली जागा होऊ द्यावी, मग एकदम सरकावं. निघण्याआधी पंखा फिरतोय ना, कूलंट पुरेसं आहे ना, हे पाहिलेलं असलं की या रांगेत जीव घाबरा होत नाही.

याच महामार्गावर, चारोटीजवळ, सूर्या नदीचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज त्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेला मित्र, दोघंही गेले. दोघंही मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. ती गाडी स्पोर्ट्स कार नव्हती, चांगली मजबूत, एअरबॅग असलेली एसयूव्ही होती. मागच्या सीटवरही पट्टा बांधायचा नियम आधीपासून होता, पण तो आठवला या अपघातानंतर. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची सक्ती सुरू केली.

तासाला १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का ३९ मीटरवरून, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून पडण्याइतका असतो. सीटमागे मोकळी ठेवलेली कॅमेऱ्याची बॅगही त्याच वेगाने पुढे येते. दोन आसनी गाडीत डिकी लहान, म्हणून सामान मांडीवर आणि पायाशी ठेवण्याचा मोह होतो. ते आधी एकदा घरी भरून पाहावं. डिकीत मावेल तेवढंच न्यावं आणि जड वस्तू तळाला बसवाव्यात.

शेवटची वस्तू मुठीत मावणारी. बंपरवरच्या चौकोनी झाकणामागे आटे असलेलं भोक असतं. टो करायचा हूक त्यात फिरवून बसवतात. हूक टूलकिटमध्ये असतो आणि तो कुठे आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पाऊस पडतोय, बाजूने ट्रेलर जाताहेत आणि क्रेनवाला विचारतोय, “साहेब, हूक कुठाय?” तेव्हा शोधाशोध नको. क्रेन बोलावतानाही फोनवर आधीच सांगावं, की गाडी खाली बसलेली आहे, पुढची चाकं उचलून नेणारी नको, सपाट फळीचीच पाठवा.

पालघरहून मनोरमार्गे निघालेल्याला पहिला थांबा मस्तान नाक्यावर घेता येतो. चहा येईपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारावी. चाकं नुकतीच काढून बसवली असतील तर नट पुन्हा पान्याने आवळावेत. मग वाकून पोटाखाली नजर टाकावी. एसीच्या पाण्याचे थेंब पडत असतील तर काळजी नाही. थेंब काळपट आणि बोटाला बुळबुळीत लागला, तर तिथूनच मागे फिरायचं.