सरकारी संगणक आणि सर्वांचा हात : केरळचा धडा

मालेगाव-भिवंडीच्या आमच्या कारागीर बांधवांना यंत्रमागाचा स्वभाव ठाऊक आहे. माग अडला की जॉबर येतो, उघडून पाहतो, दोष काढतो. एका कारखान्यात एखादी युक्ती साधली की थोड्याच दिवसांत ती मोहल्लाभर होते. आता समजा, कंपनीने मागाला सील ठोकले आणि तो उघडण्याचा हक्क फक्त आपल्याच माणसाला ठेवला, तर? मग धंदा आपला आणि किल्ली दुसऱ्याची! सरकारी कामकाजातील संगणकांचे बऱ्याच ठिकाणी असेच झाले आहे. केरळ राज्याने यातून वेगळी वाट काढली. ती व्यापारी व कारागिरांनी समजून घेण्यासारखी आहे.

संगणक ज्या आज्ञावलीवर चालतो तिला सॉफ्टवेअर म्हणतात. काही सॉफ्टवेअर सीलबंद असते. त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि दुरुस्ती कंपनीच करते. दुसरे असते मुक्त सॉफ्टवेअर. त्याची आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी. जगभरचे जाणकार ते मिळून घडवतात. एकाने केलेली सुधारणा सर्वांच्या कामी येते.

जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. त्याच सुमारास राज्य सरकारने शाळांत संगणक शिक्षण आणले. सुरुवातीचे धडे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बेतलेले होते. शिक्षकांमधून आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांकडून त्याला हरकत घेण्यात आली. सरकारने ऐकले व शाळा हळूहळू मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. निवडक शिक्षक आधी तयार झाले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले. २०१८ पासून 'लिटिल काइट्स' या मंडळांतून विद्यार्थीही हे काम शिकू लागले.

यात पैशाचा हिशेब काय? शाळांसाठी काम करणाऱ्या 'काइट' या सरकारी कंपनीने २०१९ मध्ये अंदाज मांडला की, सुमारे २ लाख संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर वापरल्याने ३००० कोटी रुपये वाचतील. म्हणजे दर संगणकामागे दीड लाख रुपये. सर्व सॉफ्टवेअर विकतच घेतले असते, असे धरून केलेला हा हिशेब आहे, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. फुकट मिळालेल्या वस्तूलाही देखभालीचा आणि शिकवण्याचा खर्च असतोच. फरक एवढा की तो पैसा परवान्यात न जाता आपल्या माणसांच्या हुनरावर लागतो.

भाषेची गोष्टही अशीच आहे. टंकलेखन यंत्रात बसावी म्हणून १९७१ मध्ये मल्याळम लिपीतील जोडाक्षरे तोडण्यात आली. पुढे के. एच. हुसैन यांच्यासारख्या कारागिरांनी मूळ वळणाचा 'रचना' हा टंक घडवला. 'स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाने असे टंक सांभाळले व सर्वांना खुले ठेवले. यंत्रासाठी लिपी वाकवण्याऐवजी लिपीसाठी यंत्र वळवले गेले. उर्दू कातिबांची कला पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको.

आणखी एक दाखला मलप्पुरमचा. मुस्लिम बहुसंख्य असलेल्या या जिल्ह्यात नोव्हेंबर २००२ मध्ये 'अक्षय' योजना सुरू झाली. घरटी एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून द्यायची, असे ठरले. केंद्रे चालवायला स्थानिक होतकरू तरुण पुढे आले आणि पंचायतींनी खर्चाचा भार उचलला. पुढे हीच केंद्रे दाखले, अर्ज, बिले यांची खिडकी बनली. महाराष्ट्रातील 'आपले सरकार सेवा केंद्र' हे त्याच जातीचे काम होय.

यातून आम्ही काय घ्यावे? सरकारी यंत्रणा सुधारते ती रोज वापरणाऱ्यांचा हात लागल्यावर. जीएसटीचा परतावा भरताना अडचण आली की आपण सल्लागाराकडे धावतो, पैसे देतो आणि गप्प बसतो. शेजारचा दुकानदारही तेच करतो. त्याऐवजी आपल्या व्यापारी संघाने एक वही ठेवावी. अडचण कोणत्या तारखेला आली, कोणत्या पायरीवर आली, पडद्यावर काय दिसले, हे लिहावे. महिनाभराच्या नोंदी एकत्र करून संबंधित खात्याकडे लेखी द्याव्यात. शंभर तोंडी तक्रारींपेक्षा अशी एक यादी वजनदार ठरते. ज्यावर उपाय सापडला, तो सर्वांना सांगावा.

जमातीच्या किंवा पतसंस्थेच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. उद्या तुम्हाला सोडले तर आमचा हिशेब आम्हाला पूर्ण परत मिळेल का? आणि तुमच्याशिवाय दुसरा कोणी ते दुरुस्त करू शकेल का? उत्तर गोलमाल आले तर सही करण्याआधी थांबावे.

मशवऱ्याने काम करणे आम्हाला नवे नाही. मशिदीच्या बांधकामापासून लग्नकार्यापर्यंत आम्ही दहा जण बसूनच ठरवतो. तीच सवय संगणकाच्या कामालाही लावावी, एवढेच आमचे सांगणे आहे.