एंजिनबदल, मोटारगाडीचा

एंजिनबदल, मोटारगाडीचा : मोटारगाडीचे मूळ एंजिन काढून त्याच्या जागी वेगळ्या जातीचे, बहुधा अधिक शक्तीचे एंजिन बसविण्याची क्रिया. झिजलेल्या एंजिनाच्या जागी त्याच जातीचे दुसरे एंजिन बसविणे ही दुरुस्ती होय. तिचा येथे विचार केलेला नाही. जुन्या गाडीचे रूप कायम ठेवून तिला नव्या गाडीचा जोम द्यावा, या इच्छेतून हे काम स्वतःच्या घराच्या आवारात करण्याची प्रथा प्रथम अमेरिकेत व नंतर ब्रिटनमध्ये रूढ झाली. क्लच, दंतचक्र पेटी म्हणजे गिअर बॉक्स, मागील आस, ब्रेक, निलंबन व शीतलन हे गाडीचे सर्व भाग मूळ एंजिनाच्या शक्तीच्या व वजनाच्या मानाने अभिकल्पिलेले असतात. त्यामुळे एंजिन बदलणे म्हणजे एक भाग बदलणे नसून संपूर्ण गाडीचा तोल नव्याने बसविणे होय. एंजिन प्रत्यक्ष जागेवर बसविणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग आहे. हे मात्र पुष्कळ हौशी कारागिरांच्या उशिरा लक्षात येते.

इतिहास : फोर्ड कंपनीच्या १९२८–३१ या काळातील ‘मॉडेल ए’ गाडीचे चार सिलिंडरांचे एंजिन ४० अश्वशक्तीचे होते. १९३२ मध्ये याच कंपनीने सु. ३·६ लिटर आकारमानाचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ एंजिन सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किंमतीच्या गाडीत दिले. या एंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा व्ही या रोमन अक्षराप्रमाणे एकमेकींशी कोन करून बसविलेल्या होत्या. अपघातात मोडलेल्या गाड्यांमधून अशी एंजिने भंगाराच्या भावात मिळू लागली, तेव्हा ती जुन्या हलक्या गाड्यांत बसविण्याची चढाओढ कॅलिफोर्नियातील तरुणांत सुरू झाली. म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर या गाड्यांच्या वेगाच्या चाचण्या होत. या चाचण्यांचे नियमन करण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ हे नाव पडले व त्याच नावाचे नियतकालिक १९४८ मध्ये निघाले. १९५५ मध्ये शेव्हरोले कंपनीने ४·३ लिटरचे आटोपशीर व्ही-८ एंजिन काढल्यावर फोर्डच्या जुन्या एंजिनाची सद्दी हळूहळू संपली. ब्रिटिश बनावटीच्या ‘एसी एस’ या हलक्या गाडीत अमेरिकन फोर्ड व्ही-८ एंजिन बसवून १९६२ मध्ये ‘कोब्रा’ ही गाडी तयार झाली, तेव्हा अंगणातली ही कल्पना कारखान्यातही मानाने शिरली.

एमजीबीचे उदाहरण : एंजिनबदलाचे गुण व दोष समजून घेण्यास एमजीबी या ब्रिटिश गाडीइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळेल, कारण एकाच गाडीच्या कवचात दोन भिन्न मोठी एंजिने कारखान्यानेच बसविली, त्यांपैकी एक फसले व दुसरे यशस्वी झाले. १९६२ मध्ये निघालेल्या या गाडीत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १,७९८ घ. सेंमी. चे, सु. ९५ अश्वशक्तीचे, ओतीव लोखंडाचे चार सिलिंडरांचे एंजिन होते. याच मालिकेतील १,४८९ घ. सेंमी. चे एंजिन भारतात हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडर गाडीत अनेक वर्षे वापरात होते. त्यामुळे या एंजिनाचा कणखरपणा व त्याचा मंद स्वभाव हे दोन्ही भारतीय मेकॅनिकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत.

१९६७ मध्ये कारखान्याने एमजीबीच्या कवचात २,९१२ घ. सेंमी. चे सहा सिलिंडरांचे एंजिन बसवून ‘एमजीसी’ ही गाडी काढली. शक्ती १४५ अश्वशक्तीपर्यंत वाढली. परंतु हे लोखंडी एंजिन मूळ एंजिनापेक्षा सु. ९५ किग्रॅ. जड होते आणि ही सर्व भर पुढच्या चाकांवर पडत होती. एंजिन उंच असल्याने बॉनेटला फुगवटा द्यावा लागला व पुढचे निलंबनही नव्याने अभिकल्पावे लागले. वळणावर गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते, अशी टीका समीक्षकांनी केली. चाचणीच्या गाड्यांच्या टायरांत हवा योग्य दाबाची नव्हती, असा बचाव नंतर करण्यात आला व त्यात काही तथ्यही असावे; पण हवेचा दाब बदलून वजन कमी होत नाही. सु. ९,००० गाड्या बनल्यावर १९६९ मध्ये हे उत्पादन थांबले.

दुसऱ्या प्रयोगाचे एंजिन मूळचे अमेरिकन होते. जनरल मोटर्सच्या ब्यूइक शाखेने १९६१–६३ या काळात ॲल्युमिनियमचे ३·५ लिटरचे एक व्ही-८ एंजिन काढले व लवकरच सोडून दिले. त्याचे हक्क ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये विकत घेतले आणि ३,५२८ घ. सेंमी. चे हे एंजिन १९६७ पासून आपल्या गाड्यांत वापरले. ठोकळा व सिलिंडर शीर्षे ॲल्युमिनियमची असल्याने दुप्पट आकारमानाचे हे एंजिन वजनाने एमजीबीच्या लोखंडी एंजिनाच्या बरोबरीचेच होते. ही गोष्ट प्रथम ओळखून तिचा उपयोग केला तो केन कॉस्टेलो या शर्यतपटूने. १९७० च्या सुमारास त्याने एमजीबीत हे एंजिन बसवून अशा गाड्या विकण्यास सुरुवात केली. पुढे १९७३ मध्ये कारखान्याची स्वतःची ‘एमजीबी जीटी व्ही-८’ ही गाडी आली. शक्ती १३७ अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीपेक्षा कमीच होती; तरी ही गाडी ताशी ९६ किमी. वेग सु. ८ सेकंदांत गाठी. मूळ गाडीला त्यासाठी १२ ते १३ सेकंद लागत. कमाल वेग ताशी १६५ किमी. च्या आसपास होता, तो सु. २०० किमी. झाला आणि वळणावरील वागणूक मात्र जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या निघाल्या. इंधनटंचाईच्या त्या काळात खप बेताचा राहिला. परंतु हौशी कारागिरांना कारखान्याने जणू सोडविलेले गणितच हाती दिले, आणि त्यानंतर घरोघरी झालेल्या एमजीबीच्या बहुतेक एंजिनबदलांत याच गाडीचा कित्ता गिरविलेला दिसतो.

शक्तीचे संक्रमण : एंजिनाची अश्वशक्ती जाहिरातीत मिरविली जाते, गाडीचे भाग मोडतात ते मात्र परिबलामुळे म्हणजे दंडाला बसणाऱ्या पिळामुळे. एमजीबीच्या मूळ एंजिनाचे कमाल परिबल सु. १५० न्यूटन-मीटर, तर व्ही-८ चे सु. २६० न्यूटन-मीटर आहे. दंतचक्र पेटीतील पहिल्या टप्प्याचे गुणोत्तर सु. ३·४ व मागील आसाचे ३·९ धरले, तर मूळ गाडीत मागच्या चाकांपर्यंत सु. २,००० न्यूटन-मीटर परिबल पोहोचते. तीच पेटी व तोच आस ठेवून नुसते एंजिन बदलल्यास हा आकडा सु. ३,४५० वर जातो. घर्षणाने होणारी घट येथे धरलेली नाही. आसाच्या आतील दंड आणि दंतचक्रांचे दाते जवळजवळ पावणेदोनपट पीळ किती दिवस सोसतील, हा प्रश्न मग केवळ काळाचा उरतो. कारखान्याने म्हणूनच पेटीचा पहिला टप्पा ३·१ च्या आसपास आणला व आसाचे गुणोत्तर ३·०७ केले; त्यामुळे चाकांवरचे परिबल सु. २,४७५ न्यूटन-मीटर एवढेच राहिले. आसाच्या या एका बदलाने, एंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी सु. २७ टक्के अधिक वेगाने जाते. म्हणजे लांबच्या प्रवासात एंजिन निवांत चालते. तरीही मूळ अभिकल्पाची दंतचक्र पेटी ही या गाडीची दुबळी बाजूच राहिली. घरगुती कारागीर तिच्याऐवजी रोव्हरच्या १९७६ नंतरच्या गाड्यांतील पाच टप्प्यांची पेटी पसंत करतात. मात्र ती रुंद असल्याने गाडीच्या तळाचा मधला बोगदा थोडा ठोकून फुगवावा लागतो.

भिन्न कारखान्यांचे एंजिन व पेटी जोडताना मध्ये तबकडी घालावी लागते. या जोडात एंजिनाचा भुजादंड व पेटीचा आदान दंड तंतोतंत एका रेषेत यावे लागतात. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा फरकही क्लच व धारवे म्हणजे बेअरिंगे लवकर खातो, म्हणून येथे डोळ्यावर न विसंबता मापक घड्याळ म्हणजे डायल गेज लावून पाहणे अगत्याचे असते. मागील आसाकडे जाणाऱ्या दंडाची लांबी बहुधा बदलावी लागते. त्याच्या दोन्ही टोकांच्या सार्वत्रिक सांध्यांतून फिरणारी गती, सांधा वाकलेला असेल त्या मानाने, प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असतील तरच पहिल्याने आणलेली विषमता दुसरा नाहीशी करतो. एंजिन जागेत मावावे म्हणून मनाला येईल तसे तिरपे बसविले की विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते आणि मालक चाकांच्या समतोलात दोष शोधीत राहतो.

जागा, उष्णता व ब्रेक : एंजिन खाली उतरविण्यापूर्वी पुठ्ठ्याचे वा लाकडाचे नमुने करून जागा मोजण्याची पद्धत चांगली आहे. तेलाची टाकी पुढच्या आडव्या तुळईला, निष्कास नळ्या सुकाणूच्या दंडाला व कार्ब्युरेटर बॉनेटला लागणे, या तीन अडचणी बहुतेक ठिकाणी येतात. एमजीबीत कारखान्याने कार्ब्युरेटर एंजिनाच्या मागच्या अंगाला नेऊन बॉनेट सपाट ठेवले. कॉस्टेलोच्या गाड्यांना फुगवटा होता. व्ही-८ साठी बदललेला एंजिनकक्ष पुढे चार सिलिंडरांच्या एमजीबीलाही देण्यात आल्याने त्या उत्तरकालीन गाड्या या कामास अधिक सोयीच्या ठरतात.

इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग शीतलकात जातो. म्हणून शक्ती वाढली की रेडिएटरही त्या मानाने वाढवावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर थंड राहणारी गाडी रहदारीत अडकली की तापते, कारण त्या वेळी वारा नसतो व भरगच्च एंजिनकक्षातून गरम हवा बाहेर पडण्यास वाट नसते. एमजीबी व्ही-८ मध्ये यासाठी दोन विजेचे पंखे दिले होते.

ब्रेकचा विचार मात्र सर्वांत आधी व्हावयास हवा, आणि तोच बहुधा सर्वांत शेवटी होतो. गाडी थांबविताना ब्रेकना जी गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १६५ किमी. वरून २०० किमी. म्हणजे वेगात सु. एक-पंचमांशाची वाढ, पण ऊर्जेत जवळजवळ दीडपट. कारखान्याने व्ही-८ गाडीला पुढच्या चाकांसाठी जाड तबकड्या दिल्या त्या यामुळेच. नवे एंजिन विकत घेण्यापूर्वी ब्रेक, सुकाणू, टायर व मागील आस यांची कामे पुरी करणे हा क्रम सुरक्षित होय. शिवाय त्यात एक फायदा असा की, पैसा वा उत्साह मध्येच आटला तरी हाती चालू स्थितीतील, पूर्वीपेक्षा चांगली गाडी उरते. उलट क्रमाने गेलेल्या पुष्कळ गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहतात.

घरी काम करताना जिवाला धोका दोन ठिकाणी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम जमिनीवर उभे केलेले लोखंडी घोडे आसाखाली लावलेले असावेत. दीडशे किग्रॅ. च्या आसपास वजनाचे एंजिन साखळी-कप्पीने उचलताना वरची तुळई ते पेलण्याजोगी आहे याची खातरजमा करावी. घराच्या वाशाला साखळी अडकवू नये. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या व निष्कास नळी यांतील अंतर हा आगीच्या दृष्टीने तिसरा तपासण्याचा मुद्दा होय.

इंधन अंतःक्षेपण पद्धतीची आधुनिक एंजिने अधिक कार्यक्षम असली, तरी त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनीय नियंत्रक, संवेदक व तारांची संपूर्ण जुडी आणावी लागते. त्यांतील एखादा भाग सोडला तर एंजिन सुरूच होत नाही. कार्ब्युरेटरची जुनी एंजिने घरगुती कामात दीर्घकाळ टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

भारतातील स्थिती : भारतात एंजिनबदलाची प्रेरणा बहुधा वेगाची नव्हे, तर इंधनखर्चाची होती. पेट्रोलवर चालणाऱ्या जीप व अँबॅसिडर गाड्यांत डिझेल एंजिने बसविण्याची कामे गॅरेजांतून होत. त्यात शक्ती वाढण्याऐवजी कित्येकदा घटे. अधिक शक्तीसाठी झालेला लक्षणीय बदल कारखान्यातच झाला : १९९२ मध्ये अँबॅसिडरला जपानच्या इसुझू कंपनीच्या अभिकल्पाचे १,८१७ घ. सेंमी. चे, सु. ७५ अश्वशक्तीचे एंजिन व त्याबरोबर पाच टप्प्यांची दंतचक्र पेटी मिळाली. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

ब्रिटनमध्ये एंजिन बदलल्यास त्याचा क्रमांक व आकारमान नोंदणी यंत्रणेला, तसेच विमा कंपनीला कळवून गाडी रस्त्यावर आणता येते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. नैसर्गिक वायू, वीज यांसारख्या वेगळ्या ऊर्जासाधनावर गाडी चालावी म्हणून विहित अटींनुसार केलेले एंजिनातील बदल मात्र या मनाईतून वगळलेले आहेत.