माडीवर आठ टन पाणी

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एखाद्या जुन्या घराच्या माडीवर ८,००० लिटर पाणी साठवायचे म्हटले, तर घरातले जाणते माणूस आधी विचारेल, ‘तुळया पेलतील का?’ मग विचारेल, ‘एवढे पाणी आणणार कुठून?’ आणि सगळ्यात शेवटी, ‘पण कशासाठी?’ तर एका माशासाठी.

मासा म्हणजे रेडटेल कॅटफिश. काळसर पाठ, अंगावर पांढरा पट्टा, केशरी-लाल शेपूट, तोंडाला लांब मिशा. ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांमधला हा पट्टीचा शिकारी. दुकानात तो बोटाएवढा, ५ सेंटिमीटरचा मिळतो, आणि त्या वयात इतका गोंडस दिसतो की घेणाऱ्याला हिशेब सुचतच नाही. हिशेब घनाचा आहे. ५ सेंटिमीटरचा मासा १ मीटरचा झाला, म्हणजे लांबी वीसपट झाली. रुंदी आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे वजन २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,००० पट होते. पिशवीतून आणलेले २ ग्रॅम घरी १६ किलो होतात. आणि १ मीटर ही काही या जातीची कमाल नव्हे. २०१० मध्ये ब्राझीलमध्ये गळाला लागलेला विक्रमी रेडटेल ५६ किलोचा होता.

हौशी लोकांत याहून दुर्मिळ जातींचेही वेड आहे. रिओ निग्रोच्या खोऱ्यातला गल्पर कॅटफिश जेमतेम २५ सेंटिमीटरचा, पण स्वतःच्या लांबीचा मासा सगळाच्या सगळा गिळतो. ७० किलोच्या माणसाने एका बैठकीत ७० किलो जेवावे, तसा प्रकार. अशा माशाबरोबर टँकमध्ये दुसरे काय ठेवावे, याचे उत्तर एकच: काही नाही.

पुन्हा आपल्या रेडटेलकडे. १ मीटरच्या माशाला नीट वळता यावे म्हणून टँक निदान त्याच्या चौपट लांब आणि दुप्पट रुंद धरू: ४ मीटर, २ मीटर, आणि पाणी १ मीटर उंच. झाले ८,००० लिटर, ८ टन. राहत्या खोलीची जमीन बांधताना आपल्याकडच्या मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. इथे १,००० किलो पडतो, तोही काच आणि स्टँड सोडून. तुळयांची चिंता करणारा माणूस अगदी बरोबर होता. आणि माशाच्या दृष्टीने हे घर काय आहे? त्याच कुळातला डोराडो कॅटफिश अँडीजच्या पायथ्यापासून ॲमेझॉनच्या मुखापर्यंत जाऊन परत येतो, आयुष्यात सुमारे ११,६०० किलोमीटर. आपल्या टँकमध्ये तेवढे अंतर कापायचे तर २९ लाख फेऱ्या.

खाण्याचे आकडे त्या मानाने सौम्य वाटतात, आणि तिथेच फसगत होते. मोठा रेडटेल रोज खात नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा मिळून अर्धा किलो मासे, कोळंबी किंवा गोळीखाद्य पुरते. जास्त घातले तर यकृतावर चरबी चढते. जिवंत गोल्डफिश सोडून शिकार बघायची हौस अनेकांना असते, पण ती माशाला बाधते: गोल्डफिश आणि कार्प जातीच्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. रोज तेच खाऊन शिकारी खंगतो.

खरा घोळ गिळल्यानंतर सुरू होतो. अर्धा किलो माशात साधारण ८० ग्रॅम प्रथिने, त्यात १३ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला ८ ग्रॅम कल्ल्यांतून अमोनिया होऊन बाहेर पडतो असे धरा. ८,००० लिटरमध्ये तो मिसळला की दर लिटरला १ मिलिग्रॅम. हाच मासा ४ फुटी टँकमध्ये, २५० लिटरात कोंबला, तर ३२ मिलिग्रॅम. पाण्याचा पीएच ७ असेल तर यातला शेकडा एकही भाग विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच हिस्सा जवळपास दहापट होतो. मग ८,००० लिटरमध्येसुद्धा एका आठवड्याचे जेवण कल्ले जाळू लागते. वाचवतात ते फिल्टरमधले जिवाणू. अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट, अशी त्यांची पाळी अखंड चालते. नवा टँक लावला की त्यांची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि आपले लोक टँक संध्याकाळी भरून मासा त्याच रात्री सोडतात!

नायट्रेट मात्र या जिवाणूंनाही हटवता येत नाही. पाणीच बदलावे लागते. आठवड्याला चौथाई म्हटले तरी २,००० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २८५. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण मानतात, तेव्हा हा मासा दोन माणसांच्या वाट्याचे पाणी घेतो. ते पाणी पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटर नळातून आणि शंभर मीटरहून उंच चढवून आणलेले असते. आणि इथे नळाला पाणी किती दिवसांच्या खंडाने येते, हे गुलमंडीत कुणाला सांगायला नको. रेडटेल १५ वर्षे सहज जगतो. तेवढ्या काळात १५ लाख ६० हजार लिटर. १०,००० लिटरचे १५६ टँकर.



यातून सुटायला लोक जो मार्ग काढतात, तो सगळ्यात वाईट. मासा दीड फुटाचा झाला की रात्री नेऊन तलावात सोडायचा. नाथसागराची क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. आपले टँक त्यात ३६ कोटी मावतील. एवढ्यात एका माशाने काय होते, असे वाटते खरे. पण मत्स्यालयांतूनच पसरलेला सकर कॅटफिश आज उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो, आणि आफ्रिकेतून आलेल्या थाई मांगूरवर २००० पासून बंदी असूनही त्याची पैदास पुरती थांबलेली नाही. दरम्यान शिवडा हा आपल्या नद्यांतला मोठा शिकारी कॅटफिश जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरला आहे.

तेव्हा दुकानात गेलात तर भाव नंतर विचारा. आधी विचारा, पूर्ण वाढल्यावर हा किती लांब होतो? त्याला चारने गुणा. तेवढी भिंत घरात नसेल, तर पिशवी परत द्या. मिशांचा शिकारीच हवा असेल, तर आपल्याच नद्यांतला टेंगरा घ्या: फार तर २० सेंटिमीटर वाढतो, आणि तीन फुटी टँकमध्ये मावतो.