वाटाण्याच्या कोंबापासून व्हॉइस नोटपर्यंत

१९१२ सालची गोष्ट. लंडनहून चित्रपटाचे तंत्र शिकून नुकतेच परतलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडेसे चित्रण करायचे आणि थांबायचे, असा त्यांचा महिनाभराहून अधिक काळ नेम चालला. बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली. पडद्यावर मात्र ही सारी वाढ मिनिटा-दीड मिनिटात डोळ्यांसमोर घडली. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ही चिमुकली फिल्म फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी दाखवली आणि त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये झळकला. इतिहासाने हरिश्चंद्राला मान दिला, तो योग्यच. शिकवणाऱ्या माणसाला मात्र तो वाटाणा जास्त जवळचा वाटावा. जे डोळ्यांना कधीच दिसले नसते, ते यंत्राच्या मदतीने दाखवता येते, याच्या आपल्या मातीतल्या पहिल्या काही धड्यांपैकी तो एक आहे.

फाळक्यांचा स्टुडिओ ज्या दादर मेन रोडवर होता, तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गिरगावपासून परळ-लालबाग आणि दादरपर्यंतच्या या पट्ट्यात गेल्या शंभरेक वर्षांत शिकवण्याची किती साधने आली आणि गेली! दिव्याच्या उजेडात दिसणारी काचचित्रे, सिनेमा, दूरदर्शन, उपग्रहावरून भरणारे वर्ग, टॅब आणि आता हातातला फोन. प्रत्येक वेळी आशा तीच होती, की मुलांना आता सारे सोपे होईल. मागे वळून पाहताना मला या साधनांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. मुलाने दिलेले उत्तर शिक्षकापर्यंत परत येते का?

याची सुरुवात दिव्यापासूनच करायला हवी. १८९२ साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. पुढे १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. ना. म. जोशी तिचे प्राण होते. गिरणगावात रात्रशाळा काढाव्यात, वाचायला पुस्तके नाहीत तिथे पुस्तकांच्या पेट्या घेऊन फिरती ग्रंथालये पाठवावीत, हे लीगचे काम. मॅजिक लँटर्नची व्याख्यानेही त्यातच आली. पाळी संपवून आलेल्या कामगाराला अक्षर वाचता येत नसे, चित्र मात्र वाचता येई. आणि मुख्य म्हणजे दिव्याशेजारी बोलणारा माणूस उभा असे. श्रोत्याला काही कळले नाही तर काच तशीच ठेवून तो पुन्हा समजावू शके. चित्र माणसासाठी थांबत असे. सिनेमात चित्र हलू लागले आणि थांबायचे विसरले.

पुढची उडी मी थेट १९७०च्या दशकात घेतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि शेजारची मुले त्याच्या दारात बसत. या काळातला आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम आजही जुन्या प्रेक्षकांच्या जिभेवर आहे. दूरदर्शन हे एका बाजूने बोलणारे माध्यम, पण ‘ज्ञानदीप’ने त्याला कान दिले. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे काढली, एकत्र बसून पाहिले, चर्चा केली, पत्रे लिहिली, पाहिलेले प्रत्यक्षात आणले. आजच्या भाषेत बोलायचे तर तो समाजमाध्यमाचाच एक अवतार होता, फक्त त्याचा निरोप पोस्टमन आणत असे. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. तिने शाळकरी मुलांसाठी वर्षानुवर्षे कार्यक्रम केले आणि एका पिढीने ते मनापासून पाहिले. पण अनुदानाचा झरा आटला आणि २०१७ साली तिला कुलूप लागले. तीन वर्षांनी करोनामुळे सगळ्या शाळा बंद झाल्या, तेव्हा अशी घरची संस्था हाताशी असती तर किती बरे झाले असते, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

१९७०च्याच दशकात गिरगावच्या वेशीवर, नाना चौकात, महापालिकेच्या एका शाळेच्या इमारतीत एक वेगळेच काम सुरू झाले होते. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले, ते तिथेच. संचालक होते वि. गो. कुलकर्णी. आज केंद्राचे घर मानखुर्दला आहे, पण त्याची पहिली वर्षे पालिकेच्या मुलांच्या सहवासात गेली. या मंडळींनी यंत्राआधी मुलांचे बोलणे ऐकले. विज्ञानात मूल अडते ते अनेकदा कल्पनेपाशी नव्हे तर पुस्तकातल्या भाषेपाशी, हे त्यांच्या ध्यानात आले. घरात कधी कानावर न पडलेली संस्कृतप्रचुर वाक्ये वाचताना मूल थबकते आणि आपण समजतो की त्याला विज्ञान कळत नाही. त्यांनी सोप्या भाषेतले पाठ तयार करून पाहिले. पालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबत वर्षानुवर्षे काम करून, योग्य हात मिळाला तर ही मुले कुठवर जातात, हेही दाखवले. शिकवण्यातली सर्जनशीलता महागड्या उपकरणाची वाट पाहत नाही, हे नाना चौकाने शिकवले. डिजिटल साहित्य तयार करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा आजही गिरवावा. पुस्तकातले जड वाक्य पडद्यावर आणून त्याला संगीत जोडले म्हणून ते हलके होत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि परळ-लालबागची घडीच विस्कटली. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर तो कोसळला. कुणी गावाकडे परतले, कुणी उपनगरात गेले आणि मागे राहिलेल्यांची मुले हळूहळू इंग्रजी शाळांकडे वळली. मराठी शाळांचे वर्ग रोडावत गेले. विषयाचा शिक्षक प्रत्येक शाळेत कसा पुरवायचा, हा प्रश्न पालिकेपुढे उभा राहिला. मुंबई महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, हे लक्षात घेतले की त्याचे अवघडपण कळते.

त्यावरचे एक उत्तर २०११च्या सुमारास दादरमध्ये आकाराला आले. तिथल्या स्टुडिओत अनुभवी शिक्षक उभा राहील आणि शहरभरच्या शाळांतली मुले पडद्यावर त्याचा तास पाहतील, अशी ही व्हर्च्युअल क्लासरूमची योजना. तिच्यात मला भावते ती एकच सोय. वर्गातला मुलगा तिथूनच शिक्षकाशी बोलू शके, शंका विचारू शके. हजारो मुलांच्या गर्दीत कितीजणांना ती संधी मिळणार, हे खरेच. तरीही लँटर्नशेजारचा तो माणूस निदान पडद्यावर तरी परत आला होता.

२०१५ साली पालिकेने आठवीच्या सुमारे २२ हजार मुलांच्या हाती टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, गरिबाच्या मुलालाही तेच साधन मिळावे, हा हेतू मोलाचा होता. लालबागच्या खोलीतल्या मुलीने पहिल्यांदा स्वतःचे म्हणावे असे एखादे यंत्र हातात धरले असेल, तर तिच्या आनंदाची किंमत कशाने करायची? पण टॅबमध्ये आधीच भरलेले पाठ होते. अभ्यासक्रम बदलला की ते मागे पडत, यंत्र बिघडले की दुरुस्तीची वाट पाहावी लागे. शिक्षकाला त्यात आपले काही घालायला जागा नव्हती. मुलाने काय सोडवले, कुठे अडले, हे शिक्षकाच्या टेबलापर्यंत सहज येत नव्हते. टॅब बोलत होता, ऐकत नव्हता.

त्याच सुमारास खरी हालचाल मुंबईबाहेरच्या लहान शाळांत चालू होती. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी स्वस्तातल्या साहित्यातून डिजिटल वर्ग उभा केला आणि राज्यभरचे शिक्षक तो पाहायला येऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. पुस्तक तर प्रत्येक मुलाकडे असतेच. त्याच पानातून कविता ऐकण्याचे, प्रयोग पाहण्याचे दार उघडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाच्या काळात अशा शिक्षकांसाठी ‘तंत्रस्नेही’ हा गोड शब्द रूढ झाला. त्यांचे व्हॉट्सॲप गट म्हणजे ज्ञानदीप मंडळांचीच नवी पिढी. रात्री एकाने केलेली चाचणी सकाळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या वर्गात वापरली जाई. समाजमाध्यमाचा शिक्षणातला मोठा उपयोग इथेच झाला, असे मी मानतो. एकेकटा झटणारा शिक्षक त्याने दुसऱ्या शिक्षकाला जोडला.

मग मार्च २०२० आला. ज्या मोबाइलला शाळेच्या दारात मज्जाव होता, तोच एका रात्रीत शाळेचे दार झाला. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत राज्याची अभ्यासमाला रोज फोनवर येऊ लागली. पालिकेच्या शिक्षकांचे तास यूट्यूबवर आले. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीची ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या या मालिकेचे मला विशेष कौतुक आहे. फळ्यासमोरचे भाषण टाळून घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंनी करता येतील अशा कृती तिने दिल्या. दूरदर्शनला मुलाचे उत्तर ऐकू येणार नाही, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले आणि ऐकण्याचे काम घरातल्या मोठ्यांवर सोपवले.

पण ते घर कसे होते? ज्या ना. म. जोशींनी गिरणगावात पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्यांच्याच नावाच्या मार्गावर बीडीडी चाळी आहेत. तिथली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आजीचे औषधपाणी, आईचा स्वयंपाक, भावाचा तास आणि बहिणीचा तास. फोन एकच, तोही वडिलांसोबत कामावर जाणारा. गॅलरीच्या कठड्याला टेकून, कानाला एकच इअरफोन लावून मुले इतिहास ऐकत होती. कित्येक कुटुंबे कोकणात गेली आणि तिथे सिग्नल शोधत मुलांना सडा चढावा लागला. सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याची बातमी तेव्हा राज्यभर वाचली गेली. तिच्या जिद्दीला सलाम करताना मनात येत होते, की असा डोंगर चढणे ज्यांना जमले नाही, ती मुले आपल्याला दिसलीच नाहीत.

याच अडचणीतून शिक्षकांनी व्हॉट्सॲपला आपलेसे केले. थेट तास भरवून उपयोग नाही, कारण फोन संध्याकाळी घरी येतो, हे त्यांनी जाणले. मग सकाळी दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस नोट जाऊ लागला आणि मुले रात्री तो ऐकू लागली. वहीच्या पानाचा फोटो रात्री दहाला येई, शिक्षिका त्यावर बोटाने लाल खूण करून परत पाठवी. लहान मुलांनी कविता म्हणून पाठवल्या. त्या आवाजांमागे कुकरची शिट्टी होती, शेजारच्या खोलीतले भांडण होते. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाचा आवाज काही शिक्षकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, कारण इथे चुकले तर हसायला कुणी नव्हते. नाना चौकातल्या मंडळींना मुलांच्या बोलण्यात जे सापडले होते, ते या शिक्षकांच्या फोनमध्ये येऊन पडत होते. कुठलेही मोठे ॲप न घेता, निरोप पाठवण्याच्या साध्या साधनातून त्यांनी उत्तर परत येण्याची वाट बांधली. त्यासाठी दिवसाचे किती तास गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले, १५ डिसेंबरला धाकट्यांचेही. मुले परतली, फळा पुसला गेला आणि व्हॉइस नोट हळूहळू थांबले. गट उरले, पण त्यांवर आता सुट्टीच्या सूचना आणि परिपत्रके येतात. दोन वर्षांत कमावलेली ऐकण्याची सवय आपण इतक्या सहज सोडून दिली, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुन्हा चर्चा आहे ती यंत्रांची. स्मार्ट फळे आले, कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे येत आहेत. येऊ देत. त्यांनी वाटाण्याची वाढ दाखवावी, काच तशीच ठेवून पुन्हा समजावावे, भाषा सोपी करावी.

माझी मागणी मात्र वेळापत्रकाची आहे. शाळेसाठी कोणतेही नवे साधन घेताना त्याच प्रस्तावात शिक्षकाच्या आठवड्यातला एक तास राखून ठेवावा. त्या तासाला शिकवायचे नाही, माहिती भरायची नाही. मुलांनी पाठवलेले आवाज ऐकायचे, वहीचे फोटो उघडायचे आणि कोण कुठे अडले आहे ते पाहायचे. २०२० साली हा तास शिक्षकांनी आपल्या झोपेतून काढून दिला होता. आता तो शाळेने द्यावा.