तेराव्यानंतरचे दुःख

घरातील माणूस गेल्यावर अनेक मराठी हिंदू कुटुंबांत सुतक पाळले जाते, शेजारी पिठलं-भात आणून देतात आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सारे नातेवाईक एकत्र थांबतात. मात्र तेराव्यानंतर घर रिकामे होते आणि अनेकांचे खरे दुःख तेव्हाच सुरू होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या आणि शोकाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच अवस्था मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेल्या होत्या, त्यामुळे शोक त्या क्रमाने उलगडला नाही तर काही चुकले असे मानण्याचे कारण नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचे १९९९ मधील 'दुहेरी प्रक्रिया प्रारूप', म्हणजे शोकाकुल व्यक्ती कधी आठवणींत बुडते तर कधी वारसनोंद, मुलांची शाळा अशा कामांत गुंतते आणि हे हेलकावे स्वाभाविक असतात असे सांगणारी मांडणी, अनुभवाच्या अधिक जवळची आहे. म्हणूनच पतीच्या निधनानंतर आठवड्याभरात एखादी स्त्री हसली, तर तो कोरडेपणा नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ, समाजाच्या रूढ अपेक्षेपलीकडे टिकून दैनंदिन व्यवहार ठप्प करणाऱ्या तीव्र शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात 'प्रदीर्घ शोकविकार' म्हटले आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी, आणि जगणेच नको वाटत असेल तर सहा महिन्यांची वाटही पाहू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.